डोळे मोठे दिसावेत म्हणून मेकअप करताना या चुका टाळा

लहान डोळ्यांचा मेकअप फसतो तो बहुतेक वेळा साहित्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर डोळे मिटून केलेला मेकअप डोळे मिटूनच तपासल्यामुळे. पापणी मिटलेली असताना लायनरची रेघ आणि आयशॅडोच्या छटा सगळ्या नीट दिसतात. डोळा उघडला की पापणीची घडी खाली उतरते आणि त्यातले बरेचसे तिच्याआड जाते. म्हणून आरसा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, मान सरळ ठेवून समोर पाहावे आणि त्या स्थितीत जे दिसते तेवढेच जमेस धरावे. लग्नाच्या मेकअपची ट्रायल घेतानाही मिटल्या डोळ्यांच्या फोटोवर भाळू नये, कारण स्टेजवर भेटायला येणारे पाहुणे नवरीचे उघडे डोळेच पाहणार असतात.

आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक काजळाची आहे. खालच्या पापणीच्या आतल्या ओलसर कडेला, म्हणजे वॉटरलाइनवर, गडद काळे काजळ भरले की डोळ्याचा पांढरा भाग जिथे संपतो तिथेच एक काळी सीमा उभी राहते आणि डोळा आहे त्याहून लहान दिसतो. टपोऱ्या डोळ्यांना हे शोभते, बारीक डोळ्यांना नाही. त्या कडेवर त्वचेच्या रंगाशी मिळतीजुळती, फिकट बेज रंगाची पेन्सिल फिरवावी. शुभ्र पांढरी पेन्सिल मात्र टाळावी, कारण गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर ती वेगळी उठून दिसते आणि फ्लॅशच्या फोटोत तर अधिकच. काजळाशिवाय चेहरा ओका वाटत असेल, तर तपकिरी काजळ कडेच्या आत न घालता खालच्या केसांच्या मुळाशी, फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात लावून बारीक ब्रशने विरवावे. काळ्याची हौस वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी भागवता येते. तिथे तो रंग डोळ्याची जागा न खाता केस दाट भासवतो. या आतल्या कडेवर तेलग्रंथींची तोंडे असतात, त्यामुळे पेन्सिल स्वच्छ असावी आणि चुरचुरू लागल्यास वापर थांबवावा. पारंपरिक सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजापासून बनवलेला असतो, तेव्हा घटकांची यादी नसलेली डबी कितीही जुन्या ओळखीच्या दुकानातली असली तरी घेऊ नये.

लायनरची जाड रेघ ही दुसरी चूक. उघड्या डोळ्यात पापणीची जी थोडीशी पट्टी दिसते, ती पूर्ण काळी झाली की पापणी आहे की नाही हेच कळत नाही. रेघ आतल्या कोपऱ्यापाशी केसाइतकी बारीक असावी आणि बाहेर जाताना किंचित जाड व्हावी. टोक काढायचे असेल तर डोळा उघडा ठेवूनच त्याची जागा आधी ठिपक्याने ठरवावी. खालच्या पापणीची रेषा भुवईच्या टोकाकडे पुढे वाढवली तर जी दिशा मिळते, तीच टोकाची दिशा. मिटलेल्या डोळ्यावर काढलेले टोक झुकत्या पापणीच्या घडीत मोडते. लायनरचा ठसा वर उमटत असेल, तर दोष बहुधा पापणीवरच्या तेलाचा किंवा आपल्या घाईचा असतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हे नेहमीचेच आहे. आधी पापणीवर प्राइमर (मेकअप टिकून राहावा म्हणून खाली लावायचा थर) आणि थोडी पावडर लावावी, वॉटरप्रूफ लायनर घ्यावा आणि रेघ वाळेपर्यंत नजर खाली ठेवावी. उमटलेला डाग बोटाने पुसू नये. मायसेलर वॉटरमध्ये, म्हणजे मेकअप पुसायच्या पाण्यात, बुडवलेल्या इअरबडने तो टिपून वरून किंचित कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारे क्रीम, लावावे.

आयशॅडोची गडद छटा नेमकी घडीत लावली तर डोळा उघडताच ती दिसेनाशी होते. त्वचेहून एक-दोन छटा गडद, चमक नसलेला तपकिरी रंग घडीच्या जरा वर लावून विरवावा. चमकदार शेड फुगीर पापणीभर लावल्यास फुगवटा वाढतो. ती पापणीच्या मध्यावर आणि आतल्या कोपऱ्यात टिकलीएवढीच पुरते.

पापण्यांचे केस सरळ खाली झुकलेले असतील, तर ते बुबुळावर सावली धरतात आणि नुसता मस्कारा लावल्याने ती सावली आणखी गडद होते. आधी कर्लर (केसांना बाक देणारा चिमटा), मग मस्कारा, हा क्रम उलटा करू नये, कारण मस्कारा लावलेले केस कर्लरला चिकटून तुटतात. बाक लवकर उतरत असेल तर वॉटरप्रूफ मस्कारा वापरावा. गुठळ्या होत असल्यास बाटलीत पाणी घालण्याचा जुगाड करू नये. उघडून साधारण तीन महिने झालेला मस्कारा टाकून द्यावा. खोट्या पापण्यांची जड पट्टी लहान पापणीवर लायनरइतकीच जागा खाते, म्हणून ती अर्धी कापून बाहेरच्या बाजूलाच चिकटवावी.

भुवया फार गडद रंगवू नयेत, एवढे पुरे.

मायनस नंबरचा चष्मा असेल तर काचेमुळेच डोळे लहान दिसतात, आणि नंबर जितका जास्त तितका हा फरक मोठा असतो. अशा वेळी अंतिम तपासणी चष्मा लावूनच करावी आणि डोळ्यांच्या जवळ बसणारी फ्रेम निवडावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या मेकअपच्या आधी घालाव्यात आणि रात्री मेकअप पुसण्यापूर्वी काढाव्यात.