शिकोकूच्या कोचीत माशाबरोबर ड्राय साके कशी चाखावी

हे कोची केरळातलं नव्हे. जपानच्या शिकोकू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. इथला मासा कात्सुओ, आपल्या कुप्याच्या कुळातला. इथली साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, जपानीत ‘काराकुची’. कात्सुओ वसंतात येतो तेव्हा कमी चरबीचा असतो, शरदात परततो तेव्हा तुपकट. निवड असेल तर शरदात जा.

संध्याकाळी हिरोमे मार्केट गाठा. मासा एका गाळ्यावर, साके दुसऱ्यावर, टेबल मिळेल ते. आधी जागा धरा, मग रांगेत लागा.

‘ताताकी’ मागवा, पण ‘शिओ’, म्हणजे मिठाची. पेंढ्याच्या जाळावर मासा बाहेरून झटकन भाजतात, आत कच्चाच राहतो. जाड कापांवर मीठ आणि लसणाच्या चकत्या येतात. दुसरा प्रकार आंबट सोय सॉसच्या रसाचा. जेवायला तो छान, पण रस गोडसर असला तर त्यापुढे ड्राय साके पाणचट आणि कडवट लागते, आणि दोष मात्र साकेवर येतो. लिंबूवर्गीय फोड दिली तर ताटाच्या कडेला ठेवा. सुरमईच्या तुकडीवर पिळायची सवय इथे पहिल्या दोन घासांपुरती आवरा.

आता जिथे सगळे फसतात ते: साके निवडणं.

लेबलावर ‘निहोन्शुदो’ नावाचा आकडा असतो. अधिक म्हणजे ड्राय, उणे म्हणजे गोड, असं जिथे तिथे लिहिलेलं सापडतं आणि लोक +10 ची बाटली शोधत फिरतात. हा आकडा चवीचा नाही, घनतेचा आहे. साखर जास्त तर साके जड, आकडा उणेकडे. अल्कोहोल जास्त तर हलकी, आकडा अधिककडे. म्हणजे नुसतं अल्कोहोल चढं असलं तरी आकडा वर जातो. जिभेला जे लागतं त्यात आंबटपणाचाही वाटा असतो. तो ‘सान्दो’ या वेगळ्या आकड्यात. दोन्हींचा निहोन्शुदो +5 असला, तरी सान्दो 1.7 असलेली साके 1.2 वालीपेक्षा सहसा जास्त ड्राय लागते. दोन्ही आकडे छापलेले असतील तर जोडीने वाचा. एकच असेल तर त्यावर पैसे लावू नका.

शिवाय ड्राय साके एकाच जातीची नसते. जपानच्याच निईगाता प्रांताची प्रसिद्ध ड्राय साके हलकी, स्वच्छ. पांढऱ्या माशाला आणि गोड कोळंबीला ती शोभते. धुराचा वास आणि कच्चा लसूण असलेल्या कात्सुओपुढे ती दिसेनाशी होते. कोचीत कोचीचीच घ्या. साकावा गावातल्या, 1603 पासूनच्या त्सुकासाबोतान कारखान्याची ‘सेन्चू हास्साकू’ सुरुवातीला उत्तम. ‘सुईगेई’ही चालेल. महाग म्हणून ‘दाइगिंजो’, म्हणजे खूप घासलेल्या तांदळाची वरच्या दर्जाची साके, उचलू नका. तिचा सफरचंद-केळ्यासारखा वास लसणाशी भांडतो. ‘जुन्माई’ (वरून अल्कोहोल न घातलेली) किंवा ‘होन्जोझो’ (थोडं घातलेली) पुरे. मोठ्या नावाची भीड वाटत असेल तर गाळ्यावर एवढंच विचारा: ‘ताताकी नि आउ काराकुची वा दोरे देस्का?’ ताताकीला कुठली ड्राय जमेल, असा त्याचा अर्थ.

तापमान तुम्हीच सांगा, नाहीतर बहुधा फ्रिजमधली थेट समोर येईल. अति थंडीत वास आणि चव दोन्ही मिटून जातात. मग सगळ्याच साके सारख्या वाटतात. ‘हिया’ या शब्दापासून जपा. अर्थ थंड, पण साकेच्या जुन्या बोलीत तो खोलीच्या तापमानाला वापरतात. थंड हवी तर ‘रेइशु’ म्हणा. कोमट, म्हणजे 40 अंशांच्या आसपास, हवी तर ‘नुरुकान’. तीच साके दोन्ही तऱ्हेने मागवा. तुपकट कात्सुओला नुरुकान अनेकदा जास्त मानवते, कारण ऊब माशाची चरबी जिभेवरून सोडवते.

चाखायची रीत: आधी नुसता छोटा घोट. मग एक काप, लसणाशिवाय. अर्धा चावून झाल्यावर दुसरा घोट, आणि दोन्ही एकत्र गिळा. मग नाकातून श्वास सोडा. रक्तासारखा, लोखंडी वास वर आला तर जोडी फसली. मासा ताजा असेल तर साके कोमट करून बघा. तरी वास राहिला तर साके बदला. तोंड स्वच्छ होऊन पुढचा काप खावासा वाटला तर जमलं. लसूण सगळ्यात शेवटी. त्यानंतर चाखणं संपलं, पिणं सुरू.

प्रमाणाचं गणित चुकतं ते ‘गो’ या मापाने. एक गो म्हणजे 180 मिली. साके साधारण 15 टक्क्यांची, म्हणजे एका गोमध्ये 27 मिली अल्कोहोल: आपल्या 60 मिलीच्या लार्ज पेगपेक्षा किंचित जास्तच. कप इवलासा असतो म्हणून हे ध्यानात येत नाही. तीन साके चाखायच्या तर ‘नोमिकुराबे’ हा छोट्या ग्लासांचा संच मागा आणि साकेएवढंच पाणी प्या. ‘ओमिझु’ म्हटलं की मिळतं.

भाड्याची गाडी असेल तर ती हॉटेलावरच ठेवा. जपानात पिऊन गाडी चालवणाऱ्यालाच नाही, तर जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा होते.

बाटली घरी आणायची तर ‘नामा’ लिहिलेली नको; ती पाश्चराइज केलेली नसते आणि फ्रिजबाहेर बिघडते. नेहमीची बाटली 720 मिलीची, आणि भारतात ड्युटीशिवाय आणता येतं 2 लिटर. म्हणजे दोन बाटल्या. तिसरी 160 मिलीने हुकते.