मिरचीचं पान वर वळलंय की खाली? घरची तिखट मिरची, पेरणीपासून बरणीपर्यंत

मिरची लावणं अवघड नाही. बी टाकलं की उगवतं, रोप लावलं की वाढतं, दोन महिने सगळं छान चाललेलं असतं. मग आठवड्याभरात शेंड्याची पानं आकसतात, वाकडी होतात, कळ्या गळतात आणि माणूस मिळेल तो सल्ला झाडावर ओतायला लागतो. घरच्या बहुतेक मिरच्या याच टप्प्यावर संपतात. म्हणून पेरणी-लावणी इथे थोडक्यात उरकतो आणि पान वळण्याबद्दल सविस्तर लिहितो.

बी आणि रोप

बी पूर्ण पिकलेल्या, लाल झालेल्या मिरचीचंच घ्या. हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं. संकरित जातीच्या फळातलं बी उगवेल, पण झाड आईसारखं निघेलच असं नाही.

ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेऊन अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंश तापमानात नेहमीच्या जाती आठ-दहा दिवसांत वर येतात. हाबानेरो, भूत जोलोकिया यांसारख्या जहाल जाती तीन-चार आठवडेही घेतात, तेव्हा ट्रे उपसून बघू नका. उगवलेली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडायला लागली, तर पाणी जास्त होतंय. ट्रेला खालून पाणी द्या आणि वारा खेळू द्या.

लावणी, खत, पाणी

रोपाला सहा-आठ पानं आली की हलवा. कुंडी किमान दहा-बारा लिटरची, तळाला भोकं, माती निचऱ्याची, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. रोज सहा तास थेट ऊन हवं. याहून कमी उन्हात झाड जगतं, पण मिरच्या फारशा देत नाही.

बोट घालून बघा, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्या. ओल्या मातीत मुळं कुजली की पानं माना टाकतात. ते पाहून लोक आणखी पाणी घालतात आणि झाड त्या पाण्यानेच मरतं.

नत्राचा मारा करू नका. गर्द हिरवं, डेरेदार, एकही फूल नसलेलं झाड बघितलं की समजावं, खत जास्त झालंय. शिवाय अशी लुसलुशीत पालवी रस शोषणाऱ्या किडींना फार आवडते.

फुलं गळायला लागली तर औषधाआधी तापमान बघा. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १५ च्या खाली गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल देठासकट गळतं. हवा बदलली की फळधारणा आपोआप सुरू होते. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. वारा नसलेल्या जागी फांदीला हलकी टिचकी मारली तरी पुरतं.

पान वळलं: आता घाई नको

मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्याने, आणि सगळ्यात वाईट सल्ले मिळतात तेही याच टप्प्यावर. पान वाकडं झालं की सगळ्याला बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणायचं आणि एकच फवारणी सांगून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. पान वळण्याची कारणं वेगवेगळी आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, कधी कधी दुखणं वाढवतो.

पहिलं काम म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबणं. भर दुपारी पान घडी घालून बसलं असेल आणि ऊन उतरल्यावर उलगडत असेल, तर झाड फक्त उन्हापासून स्वतःला वाचवतंय. त्याला काहीही करू नका.

संध्याकाळीही पान वाकडंच असेल तर ते कुठल्या दिशेला वळलंय ते बघा. बघायचं ते शेंड्याचं कोवळं पान, खालची जुनी पानं नाहीत.

कडा वर उचलल्या जाऊन पान होडीसारखं झालं असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्या. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा दोन-तीनदा झटका. कागदावर मिलिमीटरभर लांबीच्या पिवळसर रेघा चालायला लागल्या, तर खात्री झाली. ही कीड पान खरवडून त्यातला रस घेते, म्हणून पानाच्या मागे चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसतात.

कडा खाली वळून तीच होडी पालथी झाली असेल, पान अरुंद आणि जाडसर झालं असेल, देठ लांबलेला असेल आणि मागची बाजू तांबूस चकाकत असेल, तर तो कोळी, म्हणजे माइट नावाचा सूक्ष्म जीव आहे. हा जेमतेम ०.२ मिलिमीटरचा असतो, साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि जाळंही विणत नाही. त्यामुळे ‘कीड तर दिसतच नाही’ म्हणून लोक मॅग्नेशियम, कॅल्शियम, काय काय घालत बसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, कोवळं पान उलटं करा आणि मधल्या शिरेच्या कडेने सावकाश बघत जा. पानाला चिकटलेली पारदर्शक लांबट अंडी दिसतील आणि त्यांच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. एकदा ती ओळखता आली की पुन्हा फसायला होत नाही. मिरची वाढवणाऱ्याने पहिलं खत घेण्याआधी भिंग घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं कारण विषाणू. नवी पानं इवलीशी, शिरा जाड, पिवळट, पेरं आखडून झाड झुडपासारखं गोळा झालेलं. हा पांढऱ्या माशीकडून येतो आणि याच्यावर औषध नाही. कुठलंही नाही. झाड उपटा, पिशवीत बंद करा आणि टाकून द्या. ‘बघू, सुधारेल’ म्हणून ते ठेवलं तर पांढरी माशी त्याचा रस घेऊन शेजारच्या निरोगी झाडावर जाते. हातचं झाड उपटताना जीव तुटतो, मला माहीत आहे, तरी उपटा.

आता उपाय

फुलकिडे आणि कोळी, दोन्हींमध्ये सुरुवात कात्रीने करा. दोघांचाही मुक्काम कोवळ्या शेंड्यात असतो. वळलेले शेंडे दोन-तीन इंच छाटा, कळ्यांचा मोह सोडा, छाटलेलं पिशवीत बंद करून फेका. कंपोस्टमध्ये टाकू नका. कात्री आणि हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

फुलकिड्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात एक मिलिलिटर सौम्य द्रव साबण आणि पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल नीट घुसळा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. आधी दोन-चार पानांवर मारून दिवसभर वाट बघा. फवारणी संध्याकाळीच करा, कारण उन्हात तेल पान भाजतं आणि दिवसा मधमाश्याही फुलांवर असतात. फवाऱ्याचं तोंड खालून वर धरा. पानांच्या वरच्या बाजूला मारलेली फवारणी जवळजवळ वाया जाते, कारण कीड मागे असते.

एकदा फवारून चालत नाही. फुलकिडे अंडी पानाच्या आत घालतात, तिथे फवारा पोहोचत नाही, आणि पुढची सुप्तावस्था मातीत किंवा खाली पडलेल्या पाल्यात काढतात. म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या करा आणि कुंडीतला पालापाचोळा उचला. ‘कडुनिंब काही कामाचं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकच फवारणी केलेली असते.

कोळ्याची गोष्ट वेगळी. तो कीटक नाही, आठ पायांचा, कोष्ट्यांच्या कुळातला जीव आहे. किडीसाठी मिळणारी कित्येक औषधं त्याला मारत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी फोफावतो. त्याच्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं तेवढंच घ्या. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, झाड होरपळतं. आणि कडुनिंबाचं किंवा कुठलंही तेल मारून दोन आठवडे झालेले नसतील तर गंधकाला हात लावू नका. हे दोन्ही एकत्र आले की उरलेली पानंही गळतात. म्हणूनच आधी ओळख, मग उपाय, असा माझा हट्ट आहे. दोन्हींची खात्री नसताना दोन्ही मारणारा माणूस किडीपेक्षा जास्त नुकसान करतो.

मुळातून झाडभर भिनणारी कीटकनाशकं घरच्या मिरचीला वापरू नका. ती मिरची तुम्हीच खाणार आहात.

यानंतर लागतो तो धीर. वळलेलं पान परत सरळ होत नाही. कोळी मेला तरी त्याच्या लाळेचा परिणाम राहतो आणि पुढचे दोन-तीन आठवडे नवी पानंही थोडी वाकडी येतात. याच काळात घाबरून लोक तिसरं, चौथं औषध मारतात. तसं करू नका. भिंगातून बघा. अंडी नाहीत, हालचाल नाही, तर थांबा. त्यानंतर येणारा फुटवा सरळ असेल.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला टांगा. ही माशी विषाणू आणतेच, शिवाय कोळी तिच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. नवं रोप विकत आणलं तर दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा.

तोडणी

मिरची देठासकट कात्रीने तोडा, ओढू नका, फांदी मोडते. हिरवी तोडत राहिलात तर झाड नवी फुलं धरत राहतं. वाळवायची आणि बियाण्याची मिरची झाडावरच लाल होऊ द्या. फळं भरत असताना पाण्याचा थोडा ताण दिला तर तिखटपणा वाढतो. पण थोडाच, झाड कोमेजेपर्यंत नव्हे.

चिरताना

मिरची उभी चिरलीत तर आत पांढरट पडदा दिसेल. जहाल जातींमध्ये त्यावर पिवळसर तेलकट ठिपके असतात. तिखट तिथे असतं. बी स्वतः तिखट नसतं, पडद्याला चिकटून राहिल्यामुळे तसं लागतं. कमी तिखट हवं असेल तर पडदा खरवडा, नुसतं बी झटकून काही होत नाही.

जहाल जातींना हातमोजे घालाच. हालापीनो तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापावर २,५०० ते ८,००० असते, हाबानेरो १ लाख ते साडेतीन लाख. मिरचीला तिखट करणारं द्रव्य, कॅप्सायसिन, पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने धुतलेल्या हातांची आग जात नाही. आधी हातांना खायचं तेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर स्वच्छ पाणी, दुसरं काही नाही. तोंड भाजलं तर दूध प्या.

वाळवणं आणि साठवणं

पातळ सालीच्या मिरच्या उन्हात वाळतात. जाड सालीच्या अख्ख्या वाळवू नका, बाहेरून सुकतात आणि आतून बुरसटतात. उभ्या चिरून ५५-६० अंशांवर ड्रायरमध्ये किंवा मंद ओव्हनमध्ये वाळवा, ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवा आणि खिडकीही. मोडल्यावर कडकन आवाज आला म्हणजे झालं, नुसती वाकली तर अजून ओल आहे. आत काळी-करडी बुरशी दिसली तर ती मिरची फेका. दळून, भाजून ती खाण्यालायक होत नाही.

मिक्सरमध्ये दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, खकाणा खाली बसू द्या. लाल तिखट हवाबंद बरणीत, अंधारात ठेवा. उजेडात रंग उडतो.

जास्त मिरच्या झाल्या तर अख्ख्या धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये टाका, गोठलेल्याच चिरता येतात. व्हिनेगरमध्येही उत्तम टिकतात, व्हिनेगर ५ टक्के आम्लतेचं हवं आणि मिरच्या पूर्ण बुडायला हव्यात. मात्र ताजी मिरची किंवा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. हवा नाही, आम्ल नाही, अशा ठिकाणी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात आणि वासावरून, चवीवरून ते कळत नाही. तेल करायचं तर कडकडीत वाळलेल्या मिरचीचं करा.

बियाण्यासाठी सर्वात निरोगी झाडाच्या दोन-तीन मिरच्या बाजूला काढा. जवळजवळ लावलेल्या जातींचा संकर होतो. यंदाच्या फळात तो दिसत नाही, पुढच्या झाडात दिसतो. जात तशीच राखायची असेल तर कळी उमलण्याआधी त्या फांदीला जाळीची पिशवी बांधा आणि फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधून खूण करा. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, वर जात आणि वर्ष लिहा. कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षं ते चांगलं उगवतं.