सायकलवरून पशुपक्षी पाहायचे तर आधी थांबायला शिका

बेळगावची जागाच अशी आहे की इथून सायकल काढली तर दोन वेगळे मुलूख हाताशी आहेत. शहर साधारण 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यापासून जरा पूर्वेला. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे निघालात की लाल माती, धुवाधार पाऊस आणि दाट जंगल. पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे काळी माती, ज्वारी आणि उघडं माळरान. एकीकडे शेकरू आणि धनेश, दुसरीकडे चंडोल आणि तित्तर. तरीही दर रविवारी सायकल मारणारे किती तरी जण म्हणतात, "आम्हाला काही दिसत नाही." मग त्यांना कुणीतरी नवीन जागा सांगतं, ते तिथे जातात आणि पुन्हा काही दिसत नाही. कारण अडचण जागेची नसतेच. बघण्यासारखं त्यांना वाटेतच भेटलेलं असतं, आणि चुकीच्या पद्धतीने ब्रेक दाबल्यामुळे उडून गेलेलं असतं.

हवा, पंक्चरचं सामान, पाणी, हेल्मेट हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. दोनच गोष्टींबद्दल सांगायला हवं, कारण त्याबद्दल चुकीचे सल्ले फार फिरतात.

पहिली गोष्ट कपडे. "मातकट, हिरवे कपडे घाला म्हणजे प्राणी बिचकत नाहीत" हा सल्ला जंगलात पायी फिरणाऱ्यांसाठी ठीक आहे. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर गोव्याकडे जाणारी अवजड वाहनं असतात. तिथे तुम्ही चालकाला दिसलाच पाहिजेत. पिवळं जाकीट घाला. पाखरं रंगापेक्षा अचानक हालचालीला जास्त घाबरतात.

दुसरी गोष्ट दुर्बीण. दहापट मोठं दाखवणारी घेऊ नका. चढ चढून थांबल्यावर छाती धडधडत असते, हात स्थिर नसतात आणि दहापटीत ती थरथरही दहापट दिसते. 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरेशी आहे. ती पाठीवरच्या पिशवीत ठेवली तर घरी ठेवल्यासारखीच. छातीवर, पट्ट्याने आवळून, हलणार नाही अशी ठेवा.

उजाडताना रस्त्यावर असा. याला पर्याय नाही.

दिशा मात्र विचार करून ठरवा. सकाळी पश्चिमेकडे निघालात की सूर्य पाठीशी असतो. समोरच्या झाडावरचं पाखरू रंगासकट दिसतं, उन्हाविरुद्ध काळी आकृती दिसत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जांबोटीकडे जाताना तो तोंडावर. मांड्या भरून येतात, पण तुमचा वास पुढच्या जनावरापर्यंत पोचत नाही. वारा पाठीशी असेल तर भेकर तुम्हाला वळणाआधीच ओळखून निघून गेलेलं असतं.

कानांनी शोधा

कानात गाणी लावून सायकल मारणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. सायकलवरून दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी आधी ऐकू येतात. सातभाईंचा थवा अचानक एकाच झुडपाभोवती कल्ला करायला लागला, बुलबुल त्यात सामील झाले, तर त्या झुडपात साप, मांजर किंवा घुबड आहे. कावळे एखाद्या झाडाच्या शेंड्यावर तुटून पडत असतील तर तिथे शिक्रा किंवा घुबड शोधा. खार एकाच जागी बसून शेपटी उडवत न थांबता चिकचिक करत असेल तर ती कशाकडे बघतेय ते बघा. जंगलाच्या पट्ट्यात वानरांचा खाकारा आणि भेकराचं भुंकणं ऐकू आलं तर जवळपास बिबट्या असू शकतो. धनेश मोठा असेल तर त्याच्या पंखांची फसफस झाडीआडूनही ऐकू येते. पावसाळ्यात घाटातल्या ओढ्याशी कुणी माणूस शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर.

शिवाय फळलेलं झाड ओळखायला शिका. उंबर, वड, पिंपळ, नांद्रूक यांपैकी एक झाड पिकलेलं सापडलं तर तिथे अर्धा तास घालवा. हरियल, तांबट, हळद्या, धनेश, शेकरू सगळे तिथे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच काम सावर, पळस आणि पांगारा करतात.

थांबणं

आता खरी अवघड पायरी. मला स्वतःला हे जमायला सगळ्यात जास्त काळ लागला, आणि कुठल्याही पुस्तकात याबद्दल नीट लिहिलेलं सापडलं नाही.

रस्त्याकडेची पाखरं आणि जनावरं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सरावलेली असतात. येळ्ळूर रस्त्यावर तारेवर बसलेला नीलपंख दिवसभरात असंख्य दुचाक्या, बैलगाड्या, ट्रॅक्टर खालून जाताना बघतो. त्याला जाणाऱ्याची भीती नसते. जाता जाता जो थांबतो, त्याची असते. वेग बदलला, मान वळली, आवाज बदलला की त्याच्या लेखी तुम्ही वाटसरू राहत नाही, शिकारी होता. म्हणून थांबण्याची सगळी कला एवढीच की आपण थांबतोय हे त्याला कळू द्यायचं नाही.

सायकलवाल्यांची अडचण अशी की आपली सायकलच आपली चुगली करते. पॅडल मारणं थांबवलं की मागच्या चाकाचं फ्रीव्हील टकटक वाजायला लागतं. गिअरच्या सायकलींमध्ये ते जास्तच वाजतं. सकाळच्या शांततेत ते सशापासून म्हशीपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. बहुतेक जण काही दिसलं की पहिल्यांदा पॅडल थांबवतात, म्हणजे पहिला इशारा तिथेच दिला. मग ब्रेक किंचाळतो, पाय जमिनीवर आपटतो, स्टँड खडखडतो. एवढ्यानंतर पाखरू बसून राहील ही अपेक्षाच चुकीची.

काही दिसलं की हे करा. पॅडल चालूच ठेवा. वेग तोच. मान वळवू नका, नजर फक्त कोपऱ्यातून. त्याला ओलांडून पुढे जा, निदान तीस-चाळीस पावलं. त्यानंतर पॅडल बंद न करता हळूहळू सैल मारत वेग उतरवा, म्हणजे फ्रीव्हील गप्प राहील. झाड, विजेचा खांब, बांधावरची झुडपं, काहीतरी आडोसा बघून थांबा. प्राणी ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहू द्या. स्टँड लावू नका, सायकल कमरेला टेकवा. मग दोन मिनिटं काहीच करू नका. दुर्बिणीला हातही लावू नका. इथेच घाई नडते. दोन मिनिटांनी पाखरू पुन्हा खाणं, पिसं साफ करणं किंवा शीळ घालणं सुरू करतं. तेव्हा दुर्बीण छातीवरून सरळ वर, कोपर अंगाला चिकटवून, सावकाश उचला.

ओलांडून पुढे जायचं म्हटलं की मन तयार होत नाही. "मागे राहिलं तर? उडालं तर?" ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. पण दिसल्या जागी थांबलात तर ते उडणारच, आणि पुढे जाऊन थांबलात तर बहुतेक वेळा बसून राहतं. हँडलला छोटा आरसा लावून घ्या. पुढे जाताना ते जागेवर आहे का हे मान न वळवता दिसतं, आणि मागून येणारा ट्रकही दिसतो.

ब्रेकचे रबर किंचाळत असतील तर आजच घासून किंवा बदलून घ्या. फ्रीव्हीलला ग्रीस भरून आवाज कमी करण्याचा सल्लाही देतात. सैल पॅडल मारण्याची सवय लागली तर त्याची गरज पडत नाही.

शेकरूसाठी दोन मिनिटं पुरत नाहीत. ते धोका वाटला की फांदीला किंवा खोडाला चिकटून पडून राहतं आणि लांब शेपटी तेवढी लोंबताना दिसते. खालून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे मी बघितले आहेत. त्यांना तिथल्या तिथे अडवा. पंधरा मिनिटं शांत बसलात तर ते स्वतःहून हलतं आणि शेंड्यावरच्या काटक्यांच्या घरट्याकडे जातं.

दोघे-चौघे असाल तर पुढच्याने "ए, ते बघ!" म्हणून ओरडायचं नाही. डावा हात खाली सोडून तळवा मागे दाखवायचा, एवढी खूण आधी ठरवा. चौघांपेक्षा जास्त जण असतील तर ती सायकलफेरी आहे. तिचा आनंद वेगळा, पण त्या दिवशी काही दिसण्याची अपेक्षा ठेवू नका.

जिथे हे सगळं उलटं करायचं

वर सांगितलेलं सगळं गवा, हत्ती आणि अस्वलासाठी चुकीचं आहे, आणि हे मी कळकळीने सांगतोय. यांना ओलांडून पुढे जायचं नाही. लांबच थांबायचं आणि मागे फिरायचं.

कणकुंबी रस्त्यावर किंवा हेमाडग्याकडे गवा रस्ता ओलांडताना दिसला तर एक गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजू नका. मागे कळप असतो, वासरं असतात. कळपाच्या मधून सायकल काढणं म्हणजे आई आणि वासराच्या मध्ये शिरणं. दांडेलीच्या जंगलातून खानापूर, चंदगडच्या बाजूला हत्ती येतात. गावकऱ्यांनी "मामा, आज तिकडं जाऊ नका" म्हटलं तर वाद न घालता फिरा. त्यांना रात्री काय ऐकू आलं ते तुम्हाला माहीत नसतं.

अस्वल सगळ्यात जास्त सांभाळायचं. ते वळणावर अचानक समोर आलं तर पळण्याऐवजी अंगावर येतं. खानापूरच्या जंगलात पहाटे आंधळ्या वळणांवर घंटी वाजवत जा. इथे शांतता कामाची नाही. संध्याकाळी अंधार पडायच्या आत जंगलाचा पट्टा सोडा. पावसाळ्यात सूर्यास्तानंतर साप, बेडूक, खेकडे डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकाखाली येतात. मेलेले दिसले तर ती जागा लक्षात ठेवा. जिथे मरतात तिथूनच जिवंत ओलांडतात. पुढच्या वेळी तिथे सावकाश जा.

भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय आडवाटेला शिरू नका. 2011 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य साधारण 190 चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यातल्या बारापेडे गुहांत अत्यंत दुर्मीळ वटवाघळं राहतात. "गुहा बघून येऊ" म्हणत बॅटरी घेऊन जाणाऱ्यांमुळे त्यांची झोपेची जागा जाते. तिथे न जाणं हेच बरोबर.

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. ते बिचारं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून पिल्लं सोडून येतं. घरट्याचा फोटो ठिकाणासकट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

सायकल नसते तेव्हा

रोजच्या येण्या-जाण्यात थांबण्याचा प्रश्नच नसतो, कारण शहरातली पाखरं माणसाला सरावलेली असतात. फक्त मान वर करा. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची झाडी आणि कॅम्पातले जुने वृक्ष यांच्याइतकी सोपी शाळा नाही. खोडाच्या पायथ्याशी पांढऱ्या शिटीचे ओघळ दिसले तर वर ढोलीत पिंगळा शोधा. एकदा ढोली सापडली की बहुधा वर्षानुवर्षं तो तिथेच भेटतो. वडगाव, शहापूर, माजगावच्या शिवारात भात कापणीला आला की बगळे, शराटी, टिटव्या उतरतात. ट्रॅक्टरच्या मागे चालणारे गायबगळे बघा. नांगराने उघडे पडलेले किडे ते टिपतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गच्चीवर, मैदानात शेपटी खालीवर हलवत धावणारा धोबी दिसला की हिवाळी पाहुणे यायला लागले.

आणि शहरात फक्त पाखरंच असतात असं नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जाधवनगर आणि गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. असं काही कळलं तर बघायला जाऊ नका. गर्दी झाली की जनावर बिथरतं आणि त्याला पकडणंही अवघड होतं.

नाव ओळखण्यासाठी मर्लिन आणि नोंदी ठेवण्यासाठी ई-बर्ड ही मोबाइल अ‍ॅप वापरा, पण घरी आल्यावर. जागेवर मोबाइलमध्ये डोकं घातलंत की ते काय करत होतं हे बघायचं राहून जातं. चोच, डोळ्यावरची पट्टी, शेपटी कशी हलवतं, जमिनीवर चालतं की उड्या मारतं, एवढं मनात धरा आणि वहीत उतरवा.

पहिल्या महिन्यात जंगलाकडे जाऊ नका. नोव्हेंबरात येळ्ळूर रस्ता घ्या, राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत. शेतं मोकळी, तारा समोर, वेडा राघू, नीलपंख, कोतवाल, कापशी सगळे उघड्यावर बसलेले. ओलांडून पुढे थांबण्याचा सराव तिथेच होतो. मग राकसकोप, पाणपक्ष्यांसाठी. तिथे धरणाच्या कडेने सूर्य डोळ्यांवर येणार नाही अशी बाजू निवडा. दोन्ही ठिकाणी पाखरं तुम्ही थांबल्यावरही बसून राहायला लागली की फेब्रुवारीत जांबोटी. उजाडायला तिथल्या झाडीत असाल अशा बेताने निघा आणि नऊच्या आत चहा घेऊन परत फिरा, कारण त्यानंतर गोव्याची वाहनं वाढतात आणि ऐकू येण्यासारखं काही उरत नाही.