फुगलेल्या शिरांचे मोजे: माप घ्यावं कसं, चढवावेत कसे

ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत धीम्या गाडीत तासभर उभं राहायचं, पुढे काउंटरमागे किंवा वर्गात दिवसभर उभं. रबाळे-महापे एमआयडीसीत पाळी करणाऱ्यांचंही तेच. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा दिसतात. शिरांतल्या झडपा वर गेलेलं रक्त खाली परतू देत नाहीत. त्या सैल पडल्या की रक्त पायात साचतं. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात ते हेच. यासाठीचा घट्ट इलॅस्टिक मोजा (कॉम्प्रेशन स्टॉकिंग) बाहेरून दाब देऊन ते साचणं कमी करतो; झडप दुरुस्त करत नाही, शीरही नाहीशी करत नाही.

आधी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, शिरांसाठी उभं राहून केलेली. चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबलं की जातात, पाऊल गार पडतं, मधुमेह आहे, तंबाखू-विडी आहे, यातलं काहीही असेल तर धमन्याही तपासा. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या निम्म्याहून कमी असेल तर हे मोजे वर्ज्य. आधीच कमी पोचणारं रक्त दाबानं आणखी अडतं आणि कातडी काळी पडू शकते.

दाब डॉक्टर लिहून देतात. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे १८ ते २१ मिमी पारा, क्लास २ म्हणजे २३ ते ३२. दुकानात 'मीडियम द्या' म्हणून घेऊ नका. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज यायच्या आत, टेपनं माप घ्या: घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. दोन्ही पायांची वेगवेगळी, कारण पाय क्वचितच सारखे असतात. मग डब्यावरचा तक्ता बघा. संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर मोजा सकाळी सैल बसतो, आणि तो कपाटात जातो.

चढवायचेही सकाळीच. आंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडे करा. ठाण्याच्या दमट हवेत ओलसर कातडीवर मोजा अडकतो. थोडी टाल्कम पावडर चालेल. हात आत घालून टाच चिमटीत धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. पाऊल सरकवा, टाच टाचेवर बरोबर बसवा, मग घरकामाचे रबरी हातमोजे घालून तळव्यांनी थोडं थोडं वर सारत न्या. वरची कड धरून ओढू नका: तिथेच ताण साचतो आणि खाली सुरकुत्या उरतात. गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं जागा सोडा. लांब झाला म्हणून कड दुमडणं ही सगळ्यात वाईट खोड. दुमडलेली कड दोरीसारखी आवळते आणि सूज खालीच अडकते.

रात्री काढा. खोबरेल तेल, मॉइश्चरायझर तेव्हाच लावा, कारण तेलानं इलॅस्टिक खराब होतं. रोज साध्या पाण्यात सौम्य साबणानं धुवा, न पिळता टॉवेलात दाबा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात एका रात्रीत वाळतीलच असं नाही, म्हणून दोन जोड घ्या. सहा महिन्यांत दाब उतरतो. फारच सहज चढायला लागले की समजा, बदलायची वेळ आली.

गाडीची वाट बघताना वीसेक वेळा टाचा उचला. पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो, मोजा त्याला टेकू देतो.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागली तर खोल शिरेत गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८.

फुगलेली शीर फुटली तर बादलीभर रक्त गेल्यासारखं वाटतं, पण ते थांबवता येतं. लगेच आडवं व्हा, पाय छातीच्या वर उचला, स्वच्छ कापडानं बरोबर त्याच जागी १० ते १५ मिनिटं दाबून धरा, मधे उघडून बघू नका. वर दोरी किंवा ओढणी आवळून बांधू नका. शिरेतलं रक्त वर जायला वाट राहत नाही आणि जखमेतून आणखी वाहतं.