दोन कामांचं क्रीचर: घ्यावं की सोडावं?

मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ शिकताना सुरुवातीला सगळ्यांनाच एक मोह पडतो: ज्या क्रीचरवर (आपल्या बाजूनं लढणाऱ्या कार्डावर) मजकूर जास्त, ते कार्ड भारी. जळगाव-भुसावळकडे आम्ही खेळणारे मोजके. सुटं कार्ड हवं असलं की बाहेरून मागवायचं, म्हणजे कार्डाच्या किमतीवर कुरिअरचे पैसे वेगळे. त्यामुळे पारख आधी, ऑर्डर नंतर. माझा भाचा मोबाइल पुढे करून सारखा विचारतो, "मामा, हे घेऊ का?" त्याला जे सांगतो ते इथं नीट लिहून काढतोय.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, ठरवताना आमचे वडील त्याला काय काय येतं हे फार विचारत नसत. लाइट रात्री दोनला आली तर मोटार लावायला उठशील का, एवढं विचारत. क्रीचरलाही मी हेच विचारतो: माझी बाजू पडलेली असताना तू काय करशील?

सुरुवात अशी करा. कार्डावरचा मजकूर अंगठ्यानं झाका आणि फक्त मानाची किंमत (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी रंगीत ऊर्जा) आणि खालचे दोन आकडे बघा: पहिला मारायची ताकद, दुसरा मार सोसायची. बोनक्रशर जायंट घ्या, 2019 च्या थ्रोन ऑफ एल्ड्रेन या संचातला. तीन माना, त्यातला एक लाल, आणि अंग 4/3. 1993 च्या पहिल्या संचात हिल जायंट चार मानांना 3/3 मिळायचा. म्हणजे अंगठा उचलायच्या आधीच जायंटचे पैसे वसूल आहेत. आता रिक्लमेशन सेज बघा: तीन मानांना 2/1. सगळी भिस्त मजकुरावर. मैदानात आल्यावर एक आर्टिफॅक्ट (वस्तूचं कार्ड) किंवा एन्चांटमेंट (मैदानात टिकणारी जादू) फोडता येतं. पण समोरच्याकडे दोन्हीपैकी काहीच नसेल तर तीन माना मोजून पदरात 2/1 पडतं. असं कार्ड साइडबोर्डात (दोन गेमांच्या मधे बदलायच्या राखीव कार्डांत) ठेवावं, मुख्य डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, विचार करूनच.

मग अंगठा उचला आणि प्रत्येक कामाची किंमत वेगळी लावा. जायंटचं त्याच कार्डावर छापलेलं दुसरं काम म्हणजे स्टॉम्प: दोन मानांचा इन्स्टंट (समोरच्याच्या पाळीतही टाकता येणारी जादू), कुठल्याही टार्गेटला 2 डॅमेज. निव्वळ हेच काम करणारं शॉक एका मानात 2 डॅमेज देतं, आणि लाइटनिंग स्ट्राइक दोन मानांत 3. म्हणजे स्टॉम्प घेताना आपण एक माना जास्त मोजतो किंवा एक डॅमेज कमी घेतो. बदल्यात काय मिळतं? स्टॉम्प लागू झाला की कार्ड एक्झाइलमध्ये (खेळाबाहेर बाजूला) जाऊन थांबतं, आणि पुढे तीन माना देऊन तिथूनच 4/3 मैदानात आणता येतो. एका कार्डात दोन कार्डांचं काम. एवढ्यासाठी एक माना सोडायला मी कधीही तयार आहे.

या हिशेबात मला सगळ्यात आवडतं ते मलड्रिफ्टर, 2007 च्या लॉर्विनमधलं. पाच मानांना 2/2, उडणारं, आणि आल्यावर दोन कार्डं ओढायची. पण इव्होकनं (कार्डावरच्या स्वस्त पर्यायानं) तेच तीन मानांत टाकता येतं. दोन कार्डं मिळतात आणि क्रीचर सॅक्रिफाइस होतं, म्हणजे बळी जातं. तीन मानांत दोन कार्डं देणारं डिव्हिनेशन नावाचं स्पेल (जादूचं कार्ड) आहेच, मानाचा रंगही तोच. म्हणजे वाईटात वाईट वेळी मलड्रिफ्टर हे डिव्हिनेशन आहे, आणि लँड (माना देणारी कार्डं) पुरेसे असले की त्यावर उडणारं अंग मिळतं. बहुगुणी असण्याची वेगळी किंमत इथं जवळजवळ लागतच नाही. मलड्रिफ्टर निळं; डेकमध्ये निळ्याला पांढऱ्याची जोड असेल तर एका पांढऱ्या मानाचं इफेमरेट हे स्पेल सोबत ठेवा. इव्होकनं टाकलं की सॅक्रिफाइसचा ट्रिगर (आपोआप घडणारा परिणाम) स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायच्या रांगेत, असतानाच इफेमरेट खेळायचं. मलड्रिफ्टर बाहेर जाऊन नव्यानं परत येतं, पुन्हा दोन कार्डं देतं आणि मैदानात टिकतं. रीबाउंडमुळे इफेमरेट पुढच्या अपकीपला (आपल्या पाळीच्या सुरुवातीला) फुकट पुन्हा खेळता येतं, म्हणून आणखी दोन. चार मानांत सहा कार्डं! आणि मलड्रिफ्टर कॉमनमध्ये (सहज मिळणाऱ्या कार्डांत) छापलेलं आहे, खिशाला चाट नाही.

बारीक अक्षर वाचायचा कंटाळा करू नका, गेम तिथंच फिरतो. स्टॉम्प एखाद्या क्रीचरवर मारला आणि समोरच्यानं ते क्रीचर आधीच सॅक्रिफाइस केलं, तर स्टॉम्प लागू होत नाही आणि आख्खं कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जातं. जायंटही गेला. म्हणून समोर सॅक्रिफाइस करणारा डेक असला की टार्गेट जपून निवडा. दुसरं म्हणजे, जायंटला कुठल्याही स्पेलनं टार्गेट केलं की त्या स्पेलच्या मालकाला 2 डॅमेज बसतो. स्पेल तुमचं असेल तर तुम्हालाच. पण रॅव्हनस चुपाकाब्रा हे क्रीचर मैदानात येऊन त्याला मारतं ते अ‍ॅबिलिटीनं (मैदानातल्या कार्डाच्या अंगच्या गुणानं), स्पेलनं नव्हे. तिथं तो डॅमेज विसरा.

नुसती कामांची संख्या बघून भुलू नका. चार्मिंग प्रिन्स दोन मानांना 2/2 आहे आणि आल्यावर तिनातलं एक निवडू देतो: स्क्राय 2 (डेकवरची दोन कार्डं बघून वर किंवा तळाशी ठेवणं), किंवा 3 लाइफ, किंवा आपलं दुसरं एक क्रीचर एक्झाइल करून एंड स्टेपला (पाळीच्या शेवटी) परत आणणं. पहिली दोन कामं बरी आहेत, पण तेवढ्यासाठी मी ऑर्डर टाकणार नाही. तिसरं मात्र डेकवर अवलंबून. मैदानात मलड्रिफ्टर असेल तर प्रिन्स सोनं, नसेल तर तो पर्याय कोराच.

समोर कोण बसतं हेही धरा. आमच्या टेबलावर ठरलेली माणसं आणि त्यांचे ठरलेले डेक. एकाचा डेक आर्टिफॅक्टनं भरलेला असतो हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून तिथं सेज मला चालतो, खुशाल मुख्य डेकमध्ये. पण पुण्या-मुंबईला अनोळखी लोकांशी खेळायला जाणार असाल तर असली एकमार्गी कार्डं कमी करा आणि जायंटसारखी, कुठल्याही डेकसमोर काहीतरी करणारी वाढवा. कमांडर या खेळायच्या प्रकारात 100 कार्डांच्या डेकात बेसिक लँड सोडले तर प्रत्येक कार्डाची एकच प्रत चालते, तिथं दोन कामांचं कार्ड आणखी मोलाचं.

एवढं करूनही मन ठरत नसेल तर कागदावर नाव आणि मजकूर लिहून तो स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) एखाद्या लँडच्या पुढे सरकवा आणि घरच्या टेबलावर खेळा. साठ कार्डांच्या डेकमध्ये चारही प्रती अशाच घाला, म्हणजे कार्ड हातात पुरेशा वेळा येईल. वहीत तीन रकाने आखा: पहिलं काम केलं, दुसरं केलं, हातातच राहिलं. प्रत्येक गेमनंतर खूण करा, आणि ते काम केलं तेव्हा तुम्ही पुढे होता की मागे हेही शेजारी लिहा. तिसरा रकाना भरत गेला तर कार्ड सोडा. पहिल्या दोनपैकी एकच भरत असेल तर त्याच कामाचं स्वस्त, नेमकं कार्ड मागवा. दोन्ही भरत असतील आणि "मागे" समोर खुणा दिसत असतील, तर आधी दोन प्रती मागवा. उरलेल्या दोन पुढच्या ऑर्डरसोबत, कुरिअर तेवढंच वाचतं.