हॅम-चीजची गरम लादी: दोन दिवस आधीपासून ताटापर्यंतची तयारी

आधी माणसं मोजा आणि लगेच ओव्हनही मोजा. बारा पाव चार-पाच जणांना पोटभर होतात. सोबत सूप किंवा भात असेल तर सहा जणांचं भागतं. पण बारा पावांची लादी घरच्या ओटीजीच्या, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनच्या, ट्रेमध्ये मावते का, हे पट्टी लावूनच ठरवायचं. ट्रेची आतली लांबी-रुंदी घ्या आणि चारही बाजूंना निदान दोन सेंटिमीटर जागा सोडा. लादी भिंतीला टेकली की तिथला पाव करपतो आणि मधला गार राहतो. मावत नसेल तर सहा-सहाच्या दोन लाद्या एकापाठोपाठ एक भाजायच्या.

पदार्थ सोपा आहे. लादी सुटी न करता आडवी कापायची. खालच्या भागावर चीज, मग हॅम, पुन्हा चीज, त्यावर वरचा भाग, आणि सगळ्यावर मोहरी घातलेलं लोणी. ट्रे मधोमध ठेवला की ज्याने त्याने आपला पाव तोडून घ्यायचा. बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. हॅमचं पाणी, कांद्याचं पाणी, झाकणाखाली साचलेली वाफ, यातलं काहीही पावात उतरलं की खालचा भाग लगद्यासारखा होतो. पुढची बहुतेक तयारी हे पाणी बाहेर ठेवण्यासाठीच आहे.

दोन दिवस आधी हॅमची सोय लावा. खानदेशात हॅम प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून गोठवलेला माल ठेवणाऱ्या दुकानात आधी विचारून ठेवा. नाशिकहून आणायचा असेल तर धुळ्यापर्यंतच सुमारे १६० किलोमीटर होतात, जळगावला त्याहून बरंच जास्त. त्यामुळे थर्माकोलचा डबा आणि गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या सोबत हव्यातच. पाकीट कडक गोठलेलंच उचला, पिशव्या त्याच्या खाली आणि वर ठेवा, रिकामी जागा वर्तमानपत्राने भरा. वाटेत डबा उघडून बघू नका. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा गाडीत साध्या पिशवीतलं हॅम घरी येईपर्यंत टाकून देण्याजोगं झालेलं असतं, आणि त्याला वास येईलच असं नाही.

पाकिटावर तीन गोष्टी वाचा. पहिली, ते शिजवलेलं आहे का. चकत्या करून मिळणारं हॅम बहुधा शिजवलेलंच असतं, तरी खात्री करा, कारण इथला ओव्हन फक्त गरम करायला आहे, कच्चं मांस शिजवायला नाही. दुसरी, ते डुकराचं आहे की कोंबडीचं. चिकन हॅम म्हणून मिळणारी चकतीही याला चांगली चालते, फक्त ती थोडी कोरडी असते, म्हणून चीज किंचित वाढवा. तिसरी, घटकांच्या यादीत पाणी आणि स्टार्च किती वर लिहिलंय. ते वरच असतील तर असं हॅम गरम झाल्यावर पाणी सोडणारच, हे धरून चाला. बारा पावांना २५० ते ३०० ग्रॅम लागतं. चकती जितकी पातळ तितकी बरी.

पाहुण्यांनाही याच वेळी विचारून घ्या. कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, कुणाचा श्रावण. कुणाला डुकराचं चालत नाही, कुणाला हलाल लिहिलेलं पाकीटच लागतं. हे ताटावर बसल्यावर विचारण्यात यजमान आणि पाहुणे दोघांचीही पंचाईत होते. शाकाहारी लादी वेगळी करायची असेल तर तिला वेगळा ट्रे, वेगळी सुरी, वेगळा पाट आणि लोणी लावायला वेगळा ब्रश, हे सगळं आदल्या दिवशी बाजूला काढून ठेवा. एकच ब्रश दोन्ही लाद्यांवर फिरला तर वेगळ्या ट्रेला काही अर्थ उरत नाही.

आदल्या रात्री चार कामं. हॅम फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका, कारण बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आत बर्फ असतो. बेकरीवाल्याला अखंड लादी हवी असं सांगून ठेवा, नाहीतर दुकानात ती तोडून सुटे पाव हातात देतात. लादी काही ठिकाणी सहाची असते, काही ठिकाणी आठची, म्हणून पाव मोजून सांगा. चीज तपासा. २०० ग्रॅमच्या पाकिटात साधारण दहा स्लाइस येतात आणि पावामागे एक धरली तर बारा लागतात, म्हणजे एका पाकिटात भागत नाही. आणि मोहरी भिजवा.

मोहरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण या पदार्थाची चव तिच्यावर उभी आहे. हॅम खारट, चीज खारट, लोणी खारट. तिघांनाही कापणारं काहीतरी आंबट-तिखट लागतंच. बाटलीतलं मस्टर्ड सॉस चालतं, पण लोणच्यासाठी आणलेली मोहरीची डाळ घरात असेल तर दोन मोठे चमचे डाळ बारीक दळा आणि तीन मोठे चमचे गार पाण्यात कालवा. पाणी गारच हवं. मोहरीचा झणका पाणी लागल्यावर तयार होतो आणि गरम पाण्याने तो तयार होण्याआधीच मरतो. दहा मिनिटांनी एक चहाचा चमचा व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घाला, म्हणजे झणका तिथेच टिकतो. ताजी वाटलेली मोहरी कडू लागते, रात्रभर झाकून ठेवली की कडूपणा बराच उतरतो. म्हणूनच हे काम आदल्या रात्रीचं. मोहरी नकोच असेल तर हिरव्या मिरचीचा ठेचा हा आमच्या मते दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पर्याय आहे, पण त्यात मीठ न घालता वाटा आणि बारा पावांना एका चहाच्या चमच्यावर जाऊ नका.

त्या दिवशी सकाळचा पाव संध्याकाळसाठी घ्या. भट्टीतून नुकताच निघालेला गरम पाव आडवा कापता येत नाही. आतला भाग अजून बसलेला नसतो, सुरीखाली दबतो आणि गोळा होतो. सात-आठ तासांचा पाव नीट कापला जातो. थोडा कडक वाटला तरी काळजी नको, ओव्हनच्या उष्णतेने तो पुन्हा मऊ होतो. दिवसभर तो कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, उन्हाळ्यात उघडा राहिला तर दुपारपर्यंत वरचा भाग पापडासारखा होतो.

खाण्याच्या दीड तास आधी लोणी करायला घ्या. बारा पावांना ६० ग्रॅम लोणी. घरचं पांढरं लोणी असेल तर ताक पूर्ण धुतलेलं हवं आणि मग चिमूटभर मीठ घाला. विकतच्या खारट लोण्यात वरून मीठ नकोच. तूप वापरू नका असं नाही, पण दुधाचा जो अंश लोण्यात असतो तोच पावाला खमंग तपकिरी रंग देतो, आणि तुपात तो गाळून गेलेला असतो. मंद आचेवर लोणी वितळवा, त्यात एक लहान कांदा किसून घाला आणि चार-पाच मिनिटं परता. बुडबुडे आणि तडतड थांबली म्हणजे कांद्याचं पाणी गेलं. कच्चा कांदा पावात भरला तर तेच पाणी ओव्हनमध्ये सुटतं. आच बंद करून एक मोठा चमचा भिजवलेली मोहरी, अर्धा चहाचा चमचा साखर, एक चहाचा चमचा खसखस आणि असेल तर एक चहाचा चमचा वूस्टर सॉस घाला. वूस्टर सॉसमध्ये बऱ्याचदा मासळी असते, म्हणून बाटलीवरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय ते शाकाहारी लादीवर जाऊ देऊ नका. मिश्रण कोमट झालं की वापरायचं. कढत लोणी पाव एका दमात पिऊन टाकतो, आणि थंडीच्या दिवसांत फार वेळ ठेवलं तर त्याचे गोळे होतात.

आता लादी कापा. दातेरी सुरी लागते, साधी सुरी पाव दाबते. लादी पाटावर ठेवून वरून तळहात हलका ठेवा आणि एका बाजूने कापत आत जा. मग लादी फिरवून दुसऱ्या बाजूने कापा. एकाच दिशेने आरपार जायला गेलं की सुरी तिरकी होते आणि एका टोकाला खालचा भाग कागदासारखा पातळ उरतो. खालचा भाग लोणी चोळलेल्या ट्रेमध्ये ठेवून १८० अंश सेल्सिअसवर चार मिनिटं नुसताच भाजून घ्या. ही पायरी पुष्कळजण गाळतात आणि मग पाव ओला झाला म्हणून हॅमला दोष देतात. भाजलेल्या पृष्ठभागावर पाणी लगेच मुरत नाही.

हॅमच्या चकत्या स्वच्छ कोरड्या कापडावर पसरून वरूनही टिपा. मग प्रत्येक चकतीचे चार तुकडे करा. अखंड चकती ठेवली तर पहिल्याच घासाला ती सबंध ओढून बाहेर येते आणि हातात नुसता पाव-चीज उरतो. तुकडे सपाट न पसरता सैल दुमडून ठेवा, म्हणजे मधून उष्णता फिरते. खाली सहा स्लाइस चीज, पाव आणि हॅम यांच्यात आड म्हणून. त्यावर चमचाभर मोहरी पसरा, मग हॅम. वरच्या थरासाठी उरलेल्या सहा स्लाइस किंवा १२० ग्रॅम किसलेलं मोझरेला. मोझरेला तारा देतं, पण एकटं वापरलं तर गार होताच चिवट होतं. प्रोसेस्ड चीज सरळ वितळतं आणि तेल सोडत नाही, म्हणून दोन्हींची जोडी आम्हाला सगळ्यात बरी वाटते. टोमॅटो आणि काकडी आत घालू नका, हवीच असतील तर ताटात वेगळी द्या.

शाकाहारी लादीत हॅमच्या जागी खानदेशी भरीत बसतं, आणि झकास बसतं. हिवाळ्यात जळगावजवळच्या आसोद्याकडची हिरवी-पांढरी मोठी वांगी मिळाली तर प्रश्नच नाही. पण ताटात वाढायचं भरीत तसंच पावात भरता येत नाही. भाजलेलं वांगं सोलून अर्धा तास चाळणीत निथळू द्या, मग लसूण-मिरचीच्या फोडणीवर कोरडं होईपर्यंत परता. कांद्याची पात अगदी शेवटी, थोडीच. बारा पावांना ४०० ग्रॅम भरीत पुरतं. त्यात मीठ नेहमीच्या निम्मं. चातुर्मासात वांगं न खाणारं कुणी असेल तर परतून कोरडे केलेले मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची घ्या.

ओव्हन १८० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा, दोन्ही कांड्या चालू, जाळी मधल्या खाचेत. ओव्हनचा आतला पंखा चालू असेल तर १६५ पुरे. वरचा भाग ठेवून त्यावर लोणी ब्रशने लावा, ओतू नका. ओतलेलं लोणी फटींतून ट्रेमध्ये उतरतं आणि तळाशी करपतं. फॉइल सैल, घुमटासारखी झाका, पावाला चिकटू देऊ नका. झाकून पंधरा मिनिटं, मग फॉइल काढून पाच-सहा मिनिटं. झाकणं गाळलं तर वरचा पाव तपकिरी होतो आणि आत चीज तसंच राहतं. फॉइल काढणं विसरलं तर वाफेने वरचा भाग चिकट होतो. झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मधल्या फटीत पातळ सुरी पाच सेकंद खुपसून काढा आणि पातं मनगटाला लावून बघा, चांगला चटका बसायला हवा. घरात गरोदर बाई असेल तर हॅम आतून वाफाळेपर्यंत गरम झालंच पाहिजे. फ्रीजमधल्या तयार मांसात लिस्टेरिया हा जंतू वाढू शकतो, आणि तो नीट तापवल्यानेच मरतो.

ओव्हन नसेल किंवा वीज जाण्याचा भरवसा नसेल तर जाड लोखंडी कढई आणि घट्ट झाकण तयार ठेवा. तळाशी स्टँड ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. चार-चार पावांचा तुकडा ताटलीत ठेवून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं, झाकणाला आतून कापड बांधून म्हणजे थेंब पावावर पडणार नाहीत. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी तव्यावर लोणी टाकून मिनिटभर उलटा भाजा. नॉनस्टिक कढई मात्र अशी रिकामी तापवू नका. मायक्रोवेव्हचा साधा मोडही टाळा, त्यात पाव आधी ओला आणि मग रबरासारखा होतो.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा, लगेच तोडलं तर चीज बाहेर वाहतं. मग पावांच्या जोडावरून दातेरी सुरी फिरवा. वर झाकायचं तर सुती कापड, स्टीलचं झाकण नाही. सोबत लिंबू पिळलेला कांदा, हिरवी मिरची आणि जळगावकडचे केळीचे वेफर्स पुरेसे आहेत, जड काही नको. दुसरी लादी आधीच भरून ठेवायची असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवा आणि वरचं लोणी भाजण्याच्या वेळीच लावा. फ्रीजमधून थेट जाणाऱ्या लादीला फॉइलखाली पाच मिनिटं जास्त द्या.

उरलेले पाव दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत, उन्हाळ्यात खोली ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात कागद घालून एका थरात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. गरम करताना ओव्हन १६० अंशांवर ठेवा, फॉइलखाली दहा-बारा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं उघडं. तव्यावर करायचं असेल तर मंद आच, वर झाकण, आणि आधी पावाच्या खालच्या बाजूला लोण्याचा हात.