कॅमेरा आणि लॅपटॉप एकाच सॅकमध्ये? या चुका टाळा

लग्नाच्या सीझनमध्ये माझ्या पाठीवर एकच सॅक असते. तिच्यात कॅमेऱ्याच्या दोन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), दोन लेन्स, फ्लॅश आणि रात्री मेमरी कार्डं रिकामी करायला लॅपटॉप. इथवर येईपर्यंत तीन सॅक घेऊन झाल्या. त्यातली एक आता पुतणी क्लासला नेते. तिन्ही वेळा चूक दुकानातच झाली होती. खांद्याला लावून, आरशात बघून, रिकामी सॅक घेतली आणि निघालो.

लेबलवरच्या इंचांवर विश्वास

'१५.६ इंच लॅपटॉपसाठी' असं लिहिलेलं असतं. तो आकडा स्क्रीनच्या कर्णाचा. लॅपटॉप किती रुंद, किती जाड, याचा त्यात पत्ता नसतो. १६ इंची मॅकबुक प्रो साधारण ३५.६ सेंमी लांब, २४.८ सेंमी रुंद आणि पावणेदोन सेंमीच्या आत जाड आहे. १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप बरेचदा त्याहून रुंद आणि जाड निघतो, म्हणजे इंच कमी असूनही कप्प्यात अडकतो. शिवणकामाची टेप घेऊन आधी घरी लॅपटॉप मोजा, मग दुकानात कप्पा. कप्प्याचं तोंडच नव्हे, तळही मोजा, कारण तळाचे कोपरे गोलाकार शिवलेले असतात. लॅपटॉपला प्लॅस्टिकचं कडक कव्हर असेल तर त्याच्यासकट मोजा.

जाडीचा हिशोब न करणं

खरी मारामारी इथे आहे. कॅमेऱ्याचा कप्पा आणि लॅपटॉपचा कप्पा यांच्यात फोमचा एकच पडदा असतो, आणि दोघं एकाच जागेवर हक्क सांगतात. सोनीची २४-७० जीएम टू ही लेन्स १२ सेंमी लांब. मागची-पुढची कॅप धरली की आणखी वाढते. ती सॅकमध्ये उभी रोवली की तिचं एक टोक फ्लॅपला आणि दुसरं लॅपटॉपच्या पडद्याला टेकतं. चेन लागते, म्हणून आपण खूश. पण पाठीवर घेऊन गर्दीत शिरलात की तो सगळा दाब लॅपटॉपच्या झाकणावर येतो. स्क्रीनवर कीबोर्डच्या बटणांचे ठसे उमटायला लागले किंवा एखादा पांढुरका डाग दिसायला लागला, तर आधी सॅक उघडून बघा की त्या जागी नेमकी कुठली लेन्स बसते.

उपाय साधा आहे. सगळ्यात आधी लॅपटॉप घाला, मग वेल्क्रोचे डिव्हायडर लावा, लांब लेन्स आडव्या झोपवा. सॅक पूर्ण भरून बंद केल्यावर लॅपटॉप एका हाताने अलगद बाहेर निघाला पाहिजे. ओढावा लागत असेल, तर ती सॅक तुमच्या सामानासाठी नाही. म्हणून दुकानात जाताना सगळं सामान घेऊन जा. मुंबईत फोर्टात बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी काउंटरवर संसार मांडून बसलो होतो. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण चौथी सॅक बरोबर बसली.

तळ न तपासणं

दुसऱ्या सॅकने मला हा धडा दिला. हळदीच्या घाईत मंगल कार्यालयाच्या फरशीवर ती जरा जोरात टेकवली. कॅमेऱ्याला काही झालं नाही, कारण त्याच्याखाली दोन बोटं फोम होता. लॅपटॉपचा कोपरा मात्र चेपला. त्या कप्प्याच्या तळाशी फक्त कापड होतं. हात घालून बघा: लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापेक्षा थोडा वर संपायला हवा. तसा नसेल तर जुन्या योगा मॅटची दुमडलेली पट्टी तळाशी घाला. मी तेच केलं.

लॅपटॉप पाठीलगत हवा, हेही बघा. काही सॅकमध्ये तो पुढच्या फ्लॅपमध्ये असतो. दोन किलो वजन पाठीपासून लांब लोंबकळतं आणि संध्याकाळपर्यंत खांदे बोलायला लागतात.

रेन कव्हर आहे ना, मग झालं!

रेन कव्हर पाठीची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांवरून खाली झिरपतं आणि तिथेच, पाठीलगत, तुमचा लॅपटॉप असतो. मी जूनपासून लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच सॅकमध्ये ठेवतो. दिसायला गावठी, पण कोरडा राहतो.

घरी आल्यावर ओलं कव्हर तळाच्या खिशात कोंबू नका. सॅक पूर्ण रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवा. ओलसर फोममध्ये आठवडाभर पडलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि मग सिलिका जेलची एक पुडी काय करणार? आतलं अस्तर चिकट होऊन पापुद्रे सुटत असतील, तर ते दमटपणामुळे खराब झालेलं पॉलियुरेथेनचं कोटिंग आहे. ते पुसून बरं होत नाही. ते कण कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत जाण्याआधी सॅक बदला.

विमानाचं वजन

देशांतर्गत विमानात केबिन बॅगला सहसा ७ किलोची मर्यादा असते. सोनी ए-सेव्हन-फोरच्या दोन बॉडी, वर सांगितलेली २४-७० आणि ७०-२०० जीएम टू या लेन्स मिळून तीन किलोच्या वर जातात. १६ इंची लॅपटॉप दोन किलोच्या वर, आणि रिकामी सॅकच दोन किलोची. चार्जर आणि फ्लॅश अजून बाहेरच आहेत! म्हणून सॅकचं स्वतःचं वजन विचारा. आणि काउंटरवर सॅक लगेजमध्ये टाकायची वेळ आलीच, तर कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या काढून जवळ ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या लगेजमध्ये चालत नाहीत.

सॅक घेऊन झालीय, आता त्रास होतोय?

लॅपटॉप कप्प्यातून गरम होऊन निघतो: तो स्लीपवर ठेवून आत टाकता. फोममध्ये हवा खेळत नाही, पूर्ण बंद करा.

सॅक मागे खेचते: जड लेन्स पाठीच्या बाजूला आणि मधल्या उंचीवर आणा, छातीवरचा पट्टा लावा. ट्रायपॉड एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली.

चेन अडकते: दातांवर मेणबत्ती घासा. चेन लागूनही मागून उसवत जात असेल तर दोष बहुधा रनरचा असतो. स्टेशनबाहेरचा बॅगवाला तो बदलून देतो. फक्त त्याच्याकडे सॅक रिकामी न्या. मी भरलेली नेली आणि दोन बॉडी, दोन लेन्स मांडीवर घेऊन फुटपाथवर अर्धा तास बसलो.